उदगीरचे वकील भाई श्यामलाल

होस्टेलवर रहस्यकथा कोण वाचत नाही? छोट्या गावातला वकील एखाद्या संशयास्पद मृत्यूचा छडा लावतो आणि शेवटच्या पानावर गुन्हेगार सापडतो! आपल्या लातूर जिल्ह्यात मात्र उलटंच घडलं. इथे वकिलाचाच मृत्यू संशयास्पद ठरला.

भाई श्यामलाल मूळचे भालकीचे. भाऊ बन्सीलालही वकीलच. निजामी राजवटीत कोर्टाचा कारभार उर्दूतून चाले. उदगीरला वकिली करता करता दोघांनी आर्य समाजाचं काम वाढवलं आणि सरकारच्या डोळ्यात ते सलू लागले. १९३८ मध्ये श्यामलालना बीदरच्या तुरुंगात टाकलं. १६ डिसेंबरला तिथेच त्यांचा अंत झाला. विष दिलं, असा आर्य समाजाचा आरोप होता. पण तुरुंगाच्या भिंतीआडचा साक्षीदार आणायचा कुठून? आयुष्यभर दुसऱ्यांच्या केसेस लढवणाऱ्या माणसाला स्वतःची केस काही मांडता आली नाही. हे वाचताना खरंच चटका बसतो.

त्याच महिन्यात सोलापूरला लोकनायक अणे यांच्या अध्यक्षतेखाली आर्य परिषद भरली आणि १९३९ मध्ये हजारो सत्याग्रही हैदराबाद संस्थानात शिरले.

उदगीरला श्यामलालांच्या नावाची शाळा आहे. तिथे शिकलेलं कुणी ना कुणी आपल्या वर्गातही असेल, विचारून बघा.