राजा दीनदयाळ : काचेवर उमटलेला दख्खन

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील हैदराबाद कसे होते, हे आज डोळ्यांना दिसते त्याचे मोठे श्रेय राजा दीनदयाळ यांना जाते. चारमिनार, फलकनुमा राजवाडा, निजामाच्या शिकारी, लष्करी संचलने आणि सरदारांच्या मैफली त्यांनी काचेच्या पट्ट्यांवर टिपल्या.

दीनदयाळ यांचा जन्म 1844 मध्ये मेरठजवळच्या सरधना येथे एका जैन जवाहिऱ्याच्या कुटुंबात झाला. रुडकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षण घेऊन ते 1866 मध्ये इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात अंदाजक व आरेखक म्हणून रुजू झाले. छायाचित्रणाचा छंद त्यांना तेथेच, 1874 च्या सुमारास जडला. सर हेन्री डेली आणि तुकोजीराव होळकर यांनी या छंदाला आश्रय दिला. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत त्यांनी बुंदेलखंडाचा दौरा केला. त्यातून साकारलेला मध्य भारतातील वास्तूंचा सचित्र ग्रंथ 1886 मध्ये प्रसिद्ध झाला.

त्या काळी चित्राचा दर्जा नंतर सुधारण्याची सोय फारच थोडी होती. ओल्या पट्टीच्या पद्धतीत काचेवर रसायन चढवून ते सुकण्याआधी, अवघ्या काही मिनिटांत, चित्र घेऊन धुवावे लागे. जिलेटिनच्या कोरड्या पट्ट्या आल्यावर ही धावपळ संपली. मात्र प्रकाशाचा अंदाज चुकला तर पट्टी वाया जाई, हे कायम राहिले. छपाई बहुधा निगेटिव्हला कागद भिडवून होत असल्याने जेवढी काच तेवढेच चित्र निघे. म्हणूनच मोठ्या, जड काचा बैलगाडीतून वाहून न्याव्या लागत. चित्र वाढवून छापावे लागत नसल्याने दगडावरचे बारीक कोरीवकामही त्यात स्वच्छ उमटे. आरेखकाची सरळ रेषेची व प्रमाणाची नजर दीनदयाळ यांना येथे उपयोगी पडली.

1880 च्या दशकाच्या मध्यास सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले. सिकंदराबादेत त्यांची चित्रशाळा उभी राहिली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे वेरूळचे कैलास लेणे आणि दौलताबादचा किल्लाही त्यांच्या चित्रसंग्रहात आला. 1892 मध्ये त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र चित्रशाळा काढली आणि तिचे काम एका इंग्रज महिलेकडे सोपवले. 1896 मध्ये मुंबईतही शाखा सुरू झाली. निजामाने त्यांना ‘मुसव्विर जंग’ हा किताब दिला, तर व्हिक्टोरिया राणीच्या छायाचित्रकारपदाचा मानही त्यांना लाभला.

5 जुलै 1905 रोजी त्यांचे निधन झाले. पुत्र ज्ञानचंद यांनी व्यवसाय पुढे चालवला, पण वैभवाचे दिवस ओसरत गेले. पुढच्या काळात कसोटी लागली ती काचांची. काच फुटते, तिच्यावरचा थर दमट हवेत सुटतो आणि बुरशी चित्र खाते. तरीही मोठा ठेवा वाचला, आणि 1989 मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने 2,857 काच-निगेटिव्ह मिळवल्या. चित्रशाळेत निगेटिव्हना क्रमांक घालण्याची शिस्त होती. त्यामुळे चित्र कोणते व कुठले, हे ओळखणे अभ्यासकांना सोपे झाले. 2006 मध्ये टपाल खात्याने त्यांच्या सन्मानार्थ तिकीट काढले.

आज अशा काचांची डिजिटल प्रत काढताना रेषांची तीक्ष्णता आणि काळ्या-पांढऱ्यामधल्या छटा संगणक प्रणालीने मोजता येतात. त्यासाठी ठरावीक करड्या छटांची पट्टी स्कॅन करून निकाल पडताळला जातो. ती प्रत सीडी किंवा डीव्हीडीवर ठेवली, तर तबकडी वाचताना किती चुका होतात, हेही ठरावीक काळाने तपासावे लागते. चुका वाढू लागल्या की नवी प्रत काढायची. हे टाळले तर प्रत एक दिवस निकामी होते आणि पुन्हा मूळ काचेकडेच जावे लागते. ती काचही तोवर गेली असेल, तर चित्र कायमचे जाते.

चित्र घेताना दीनदयाळ यांनी जी काटेकोर दक्षता घेतली, तीच ते जपणाऱ्यांकडूनही अपेक्षित आहे. त्या दक्षतेवरच निजामाच्या राज्यातील दख्खन पुढच्या पिढीला दिसणार की नाही, हे ठरणार आहे.