पाचवे कारण
(महादजी शिंदे यांचे दैव आणि पुरुषार्थ)

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी प्रत्येक कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. दैव नाहीच, असे भगवंत म्हणत नाहीत. परंतु चार कारणे सांगून झाल्यावर ते दैवाचे नाव घेतात. आम्ही गृहस्थ मात्र हा क्रम उलटा लावतो. नोकरी लागली नाही, बढती हुकली, व्यापारात खोट आली, की प्रथम दैवाकडे बोट दाखवितो आणि उरलेल्या चार कारणांचा विचार सवडीवर टाकतो.

दिल्लीच्या पहाडगंज भागात बृहन्महाराष्ट्र भवन आहे. परीक्षेसाठी, मुलाखतीसाठी, नशीब काढण्यासाठी महाराष्ट्रातून आलेली माणसे येथे उतरतात. भाषांतराच्या कामानिमित्त प्रस्तुत लेखकाचे त्या बाजूस जाणे होते. एकदा तेथे सातारा जिल्ह्यातील एक तरुण भेटला. मुलाखतीत दुसऱ्यांदा अपयश आल्याने तो खिन्न होता. आपल्या पत्रिकेतच भाग्य नाही, असे त्याने ठरवून टाकले होते. त्याचे सांत्वन करताना त्याच्याच जिल्ह्यातील एका पुरुषाचे स्मरण झाले. आज जेथे पहाडगंज आहे, तो भाग जुन्या शहराच्या अजमेरी दरवाजाबाहेरचा. त्या शहराचा कारभार या पुरुषाने एके काळी चालविला. ते महादजी शिंदे होत.

शिंदे घराणे कण्हेरखेडच्या पाटलांचे. राणोजी शिंद्यांच्या पोटी सुमारे १७३० मध्ये महादजींचा जन्म झाला. त्यांच्या मातेचे स्थान विवाहित पत्नीचे नसल्याने घराण्याच्या वारशात त्यांना कोणी प्रथम मोजीत नसे. वडील बंधू जयाप्पा १७५५ मध्ये नागोर येथे मारले गेले. दुसरे बंधू दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीजवळ यमुनेच्या बुराडी घाटावर धारातीर्थी पडले. पुढच्याच वर्षी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर बंधू तुकोजी आणि पुतणे जनकोजी गेले. स्वतः महादजी पायावर जबर घाव बसून रणांगणाबाहेर पडले होते.

राणेखान नावाच्या एका भिस्त्याने त्यांना पाहिले. पखालीतून पाणी वाहून पोट भरणारा हा सामान्य मनुष्य. त्याने जखमी महादजींना आपल्या बैलावर घातले आणि दक्षिणेकडे सुखरूप आणले. याला दैव म्हणावे तर अवश्य म्हणावे. त्या दिवशी हजारो जखमी पडले होते. भिस्ती महादजींनाच भेटला. परंतु दैवाचे काम येथेच संपले. पाय जन्माचा अधू झाला. घरातील कर्ते पुरुष गेले. शिंद्यांची सरदारकी दुसऱ्याच्या हाती द्यावी म्हणून खटपटी सुरू झाल्या. दैवाने प्राण तेवढे वाचविले होते.

पुढची चार कारणे महादजींची स्वतःची. त्यांनी प्रथम ऋण मानले. राणेखानास त्यांनी भाऊ म्हटले, आणि ते केवळ तोंडदेखले नव्हे. त्याला सैन्यात घेऊन अधिकाराच्या पदापर्यंत चढविले. सरदारकीसाठी त्यांना कित्येक वर्षे वाट पाहावी लागली. अखेर १७६८ मध्ये थोरल्या माधवराव पेशव्यांनी त्यांचा हक्क मान्य केला. १७७१ मध्ये मराठी फौजांनी दिल्ली घेतली आणि इंग्रजांच्या आश्रयाने अलाहाबादेस राहिलेला बादशहा शाह आलम जानेवारी १७७२ मध्ये महादजींच्या सोबतीने आपल्या राजधानीत आला. ज्या दिल्लीच्या वेशीवर भाऊ पडला होता, त्याच दिल्लीत ते मानाने शिरले.

जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे इंग्रज सैन्याची कोंडी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पण पुढच्याच वर्षी इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला त्यांच्याकडून घेतला. या आघाताने ते दैवावर रुसले नाहीत. प्रतिपक्षाचे बळ कवायती पलटणींत आहे, हे त्यांनी ओळखले. १७८२ चा सालबाईचा तह त्यांच्याच मध्यस्थीने झाला, आणि १७८४ मध्ये डी बॉइन या युरोपीय सेनानीस चाकरीत घेऊन त्यांनी तशाच पलटणी उभारण्यास आरंभ केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बादशहाने पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलक हे सर्वोच्च पद दिले. कारभार महादजींच्या हाती आला.

येथे कथा संपती तर ती केवळ उत्कर्षाची झाली असती. जुलै १७८७ मध्ये लालसोटच्या मोहिमेत पगार थकलेल्या बादशाही पलटणी तोफांसह शत्रूस मिळाल्या. महादजींना माघार घ्यावी लागली. दिल्ली हातची गेली. रोहिला गुलाम कादर शहरात शिरला आणि ऑगस्ट १७८८ मध्ये त्याने वृद्ध शाह आलमचे डोळे काढले. वयाची साठी जवळ आलेल्या, एका पायाने अधू असलेल्या पुरुषाने आता स्वस्थ बसावे, असे कोणीही म्हटले असते. महादजींनी पुन्हा सैन्य जमविले. ऑक्टोबर १७८८ मध्ये दिल्लीचा किल्ला त्यांच्या सैन्याने परत घेतला. वाचकहो, त्या सैन्याचा सेनापती कोण होता? तोच राणेखान. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्याने एका जखमीला बैलावर घातले, त्यानेच आपल्या धन्याला गेलेली राजधानी परत मिळवून दिली.

याला आता दैव म्हणावे काय? पानिपतावरचा राणेखान दैवाने पाठविला. दिल्लीच्या किल्ल्यात शिरलेला राणेखान महादजींच्या कृतज्ञतेने घडविला होता. उपकारकर्त्यास मूठभर मोहरा देऊन वाटेस लावले असते, तर भाग्य तेथेच थांबले असते.

लालसोटचा धडाही वाया गेला नाही. डी बॉइनच्या पलटणी वाढविण्यात आल्या आणि १७९० मध्ये पाटण व मेडता येथे त्यांनी जय मिळविला. १७९२ मध्ये महादजी बादशाही फर्माने व वस्त्रे घेऊन पुण्यास पेशव्यांकडे आले. एवढा अधिकार हाती असता स्वतःला पाटील म्हणविणेच त्यांना आवडे. कृष्णभक्तीची पदेही त्यांनी रचली. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे त्यांचे देहावसान झाले. तेथे त्यांची छत्री आहे.

त्यांच्या मागे बंधू तुकोजींचा नातू दौलतराव गादीवर आला. त्याला राज्य, खजिना, कवायती पलटणी, सारे तयार मिळाले. तरीही सप्टेंबर १८०३ मध्ये, अवघ्या नऊ वर्षांत, दिल्ली इंग्रजांच्या ताब्यात गेली. वारशाने साधने येतात; चेष्टा ज्याची त्यालाच करावी लागते.

पाच कारणे सांगून भगवंत लगेच बजावतात की, जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, तोही खरे पाहत नाही. सर्व दैवाने झाले म्हणणारा आळशी होतो. सर्व मी केले म्हणणारा उन्मत्त होतो. महादजींनी पडल्यावर दैवास दोष दिला नाही, आणि चढल्यावर भिस्त्याला विसरले नाहीत.

हे ऐकून तो तरुण काही वेळ गप्प बसला. मग त्याने विचारले की, आपल्या आयुष्यातला राणेखान कोणता, हे ओळखायचे कसे? त्याला एवढेच सांगितले की, गेल्या वर्षात ज्यांनी विनामोबदला मदत केली त्यांची नावे लिहून काढ, आणि दोन्ही मुलाखतींत कोठे चुकले तेही त्याच कागदावर लिही. त्या रात्री भवनातील त्याच्या खोलीत बराच वेळ दिवा जळत होता.