आदिवासींचे कैवारी जयपालसिंह मुंडा

पोटासाठी गाव सोडणाऱ्या माणसाबरोबर त्याचे हक्कही प्रवास करतात काय? प्रश्न साधा दिसतो. परंतु भारताची राज्यघटना घडत असता घटनासमितीत उभे राहून तो आदिवासींच्या वतीने ज्यांनी विचारला, त्या जयपालसिंह मुंडा यांचे चरित्र आपल्या ज्ञातिबांधवांनी, विशेषतः तरुणांनी, अवश्य जाणून घ्यावे असे आहे.

जयपालसिंहांचा जन्म ३ जानेवारी १९०३ रोजी रांचीनजीक खुंटी भागातील टकरा या खेड्यात मुंडा कुटुंबात झाला. बालपणी गुरे राखणारा हा मुलगा रांचीच्या मिशन शाळेत चमकला आणि तेथील मुख्याध्यापकांच्या साहाय्याने इंग्लंडास जाऊन ऑक्सफर्डचा पदवीधर झाला. आय.सी.एस.साठीही त्यांची निवड झाली. तथापि १९२८ साली ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचे नेतृत्व करण्यासाठी रजा मिळेना, तेव्हा ते रजेवाचूनच गेले आणि पुढे त्या नोकरीवरही त्यांनी पाणी सोडले. त्या स्पर्धेत भारताने एकही गोल न स्वीकारता सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर आफ्रिकेत व रायपूर येथे अध्यापन आणि बिकानेर संस्थानात अधिकारपद भूषवून ते स्वभूमीकडे वळले. १९३९ साली आदिवासी महासभेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि तेथून त्यांचे आयुष्य आपल्या समाजाचेच झाले.

त्या समाजाचे दुःख केवळ जमीन गमावण्याचे नव्हते. छोटानागपूरचे मुंडा, उरांव, संथाळ हजारोंच्या संख्येने आसामच्या चहामळ्यांत नेले जात. मळा सोडून जाणाऱ्या मजुरास वॉरंटाशिवाय पकडण्याचा अधिकार १८६५ च्या कायद्याने मळेवाल्यांस दिला होता. ज्यांच्या आजेपणजांनी असे दिवस काढले, त्यांना स्वातंत्र्य या शब्दाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

१९४६ साली बिहारमधून घटनासमितीवर निवडून आल्यावर, लोकशाही आदिवासींस नवी नाही, ती त्यांच्या जीवनातच आहे, असे त्यांनी निर्भयपणे प्रतिपादिले. पुढे अनुसूचित जमातींचा विचार चालू असता त्यांनी विचारले, की अनुसूचित क्षेत्रातील आदिवासी देशाच्या अन्य भागात गेला, तर तेथे त्यास त्याच सवलती मिळतील काय? डॉ. आंबेडकरांनी प्रांजळपणे उत्तर दिले, की प्रश्न कठीण आहे; परंतु घटना आहे त्या स्वरूपात त्या सवलती त्यास बरोबर नेता येणार नाहीत.

येथे एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. कलम २१ चे जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण प्रत्येक व्यक्तीस आहे. त्यास सरहद्द नाही. वेठबिगारीस मनाई करणारे कलम २३ हेही तसेच सर्वत्र लागू आहे. परंतु जमातीची अनुसूची राज्यवार असते. म्हणून छोटानागपुरात अनुसूचित असलेला मुंडा आसामच्या मळ्यात गेल्यावर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात त्या राज्याच्या यादीत स्थान पावला नाही. १९९० साली मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच प्रश्नोत्तराचा आधार घेतला आणि स्थलांतरितास मूळ राज्याच्या सवलती दुसऱ्या राज्यात मिळत नाहीत, असा निर्णय दिला. प्रश्नकर्त्यास जाऊन तेव्हा वीस वर्षे लोटली होती.

झारखंड पक्षाचे हे नेते १९५२ पासून अखेरपर्यंत लोकसभेत होते. १९६३ साली त्यांनी आपला पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला. या निर्णयाने त्यांचे अनेक अनुयायी दुखावले, हे चरित्रकाराने झाकून ठेवू नये. २० मार्च १९७० रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांनी मागितलेले झारखंड राज्य १५ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले.

आपल्यापैकीही कित्येक घराणी गाव सोडून शहरात आली. त्यांना येथे आधार देण्यास ज्ञातिसंस्था होत्या, वसतिगृहे होती, ओळखीपाळखी होत्या. ज्यांच्यापाशी यांतले काहीच नाही, असा स्थलांतरित आदिवासी मजूर आपल्या दारी बांधकामावर वा ऊसतोडीवर येतो, तेव्हा त्याचे जीवित व स्वातंत्र्य घटनेने आपल्याइतकेच रक्षिले आहे याचे स्मरण ठेवून वागणे, हीच जयपालसिंहांस खरी आदरांजली होय.