शिशाचे पेट्रोल आणि थॉमस मिजली

चढावर गाडी मोठ्या गिअरमध्येच दामटली की बॉनेटखालून येणारी टकटक जुन्या चालकांना चांगली ठाऊक असेल. इंजिन नॉक करतेय, असे गॅरेजवाले सांगतात. आताच्या गाड्यांत ही टकटक आपल्या कानावर येण्याआधीच इंजिनावरचा नॉक सेन्सर ती टिपतो आणि संगणक ठिणगीचे टायमिंग थोडे मागे घेतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये छोटा स्कॅनर लावून मोबाइलवर अ‍ॅप उघडले, तर टायमिंग किती अंशांवर आहे, पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पातळ आहे की दाट, हे सारे गाडी चालू असताना पाहता येते. शंभर वर्षांपूर्वी ही टकटक नेमकी कशाने होते, हेच कोणाला सांगता येत नव्हते. ते शोधून काढणाऱ्यांत अमेरिकेचे थॉमस मिजली हे नाव पहिले. त्यांनी औषधही शोधले, पण ते रोगापेक्षा जालीम निघाले.

मिजली यांचा जन्म 18 मे 1889 रोजी पेनसिल्व्हेनियातील बीव्हर फॉल्स येथे झाला. वडीलही संशोधक वृत्तीचे, टायरच्या धंद्यातले. 1911 मध्ये मिजलींनी कॉर्नेल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनीअरिंगची पदवी घेतली. पुढे जगभर रसायनशास्त्रज्ञ म्हणून गाजलेल्या या माणसाची पदवी रसायनशास्त्राची नव्हती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. 1916 मध्ये ते ओहायोतील डेटन शहरी चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. हँडल न मारता गाडी चालू करणारा सेल्फ स्टार्टर केटरिंग यांचाच. इंजिनातल्या टकटकीचे खापर त्या वेळी केटरिंग यांच्या बॅटरीवर चालणाऱ्या इग्निशनवर फोडले जात होते. खरे कारण शोधायचे काम मिजलींकडे आले.

त्यांनी सिलिंडरला क्वार्ट्‌झची खिडकी बसवली आणि टोमॅटोच्या रिकाम्या डब्याभोवती फोटोची फिल्म गुंडाळून तो डबा फिरवत आतल्या ज्वलनाची छायाचित्रे घेतली. त्यावरून दिसले की घोटाळा ठिणगी पडण्याआधी नव्हे, तर ठिणगी पडल्यानंतर होतो. स्पार्क प्लगपासून निघालेली ज्वाला सिलिंडरभर पसरत असते. तिच्या पुढे कोपऱ्यात उरलेले मिश्रण दाबले जाऊन इतके तापते, की ज्वाला पोहोचायच्या आतच ते एकदम पेटते. त्या अचानक वाढलेल्या दाबाचा घण सिलिंडरच्या भिंतींवर बसतो. ठिणगी उशिरा पाडली, किंवा इंजिनाचे कॉम्प्रेशन कमी ठेवले, तर टकटक थांबते. पण मग ताकदही घटते आणि अ‍ॅव्हरेजही. म्हणून उतारा इंधनातच हवा, असे केटरिंग आणि मिजली यांना वाटले.

त्यांचा पहिला तर्क मात्र गमतीचा होता. लालसर पानांची एक रानवेल बर्फ वितळायच्या आधीच फुलते, तेव्हा लाल रंग उष्णता लवकर शोषत असावा आणि पेट्रोल लाल केले तर ते लवकर वाफ होऊन नीट जळेल, असा तो तर्क. लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून मिजलींनी आयोडीन घातले आणि टकटक थांबली. नंतर खरे लाल रंग घातले, तर काहीच फरक पडला नाही. तर्क साफ चुकला, पण इंधनात रसायन मिसळून नॉकिंग थांबवता येते, एवढे हाती लागले. मग अ‍ॅनिलिन, सेलेनियम, टेल्युरियम अशी संयुगे एकेक करून तपासली गेली. टेल्युरियमचा लसणासारखा दर्प अंगाला असा चिकटे, की अंघोळीनेही जात नसे. 9 डिसेंबर 1921 रोजी शिशाचे एक संयुग, टेट्राएथिल लेड, इंजिनात घातले गेले. गॅलनभर पेट्रोलला जेमतेम काही मिलिलिटर पुरत होते.

अल्कोहोल मिसळूनही नॉकिंग थांबते, हे मिजलींना माहीत होते. पण अल्कोहोल बरेच घालावे लागे आणि ते कोणालाही गाळता येत होते. त्यावर एका कंपनीची मक्तेदारी शक्य नव्हती. शिशावर होती. मला या चरित्रातला निर्णायक क्षण डिसेंबर 1921 पेक्षा इथे दिसतो.

2 फेब्रुवारी 1923 रोजी डेटनमधल्या एका पंपावर हे पेट्रोल विकायला आले. नाव ठेवले एथिल. त्यात शिशाचा उल्लेख टाळला होता. जळल्यावर शिसे व्हॉल्व्ह आणि प्लगवर साचे, म्हणून ब्रोमीनचे संयुगही घालण्यात आले. त्यामुळे शिसे इंजिनात न राहता धुराबरोबर बाहेर पडू लागले. म्हणजे इंजिन वाचले आणि शिसे रस्त्यावरच्या माणसांच्या श्वासात गेले.

शिसे विषारी आहे, ही तेव्हाही जुनीच माहिती होती. 1923 च्या सुरुवातीला खुद्द मिजली शिशाच्या बाधेने आजारी पडून फ्लोरिडात विश्रांतीला गेले होते. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले आणि तीसहून अधिक रुग्णालयात गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस पत्रकारांपुढे मिजलींनी ते द्रावण हातांवर ओतले आणि मिनिटभर हुंगून दाखवले. कामगारांच्या आजारांच्या तज्ज्ञ डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी 1925 च्या सरकारी परिषदेत कडाडून विरोध केला. विक्री काही महिने थांबली होती, पण तज्ज्ञ समितीला बंदीसाठी पुरेसे कारण सापडले नाही आणि 1926 मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

मिजलींचे नाव दुसऱ्यांदा गाजले ते फ्रिजमधल्या फ्रेऑन वायूमुळे. अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइड यांसारख्या घातक वायूंच्या जागी तो आला. त्याने ओझोनला धोका आहे, हे 1974 मध्ये कळले. मिजलींना रसायनशास्त्रातले मोठे सन्मान मिळाले, 1941 चे प्रीस्टली पदकही. 1940 मध्ये पोलिओने पाय गेले. पलंगावरून उठता यावे म्हणून त्यांनी दोऱ्या आणि कप्प्यांची योजना केली होती. 2 नोव्हेंबर 1944 रोजी त्याच दोऱ्यांत अडकून वयाच्या 55 व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

शिशाचे पेट्रोल त्यांच्यामागे आणखी कित्येक दशके टिकले. अगदी थोडे शिसेही लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक ठरते, हे हळूहळू सिद्ध होत गेले. पण अमेरिकेत बंदीला खरा रेटा दिला तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरने. 1975 पासून धूर स्वच्छ करणारे हे यंत्र गाड्यांत आले आणि शिसे त्याला निकामी करू लागले. सायलेन्सरच्या वाटेवर बसून मिश्रण पातळ की दाट हे सांगणारा ऑक्सिजन सेन्सरही शिशाने मरतो. अ‍ॅपवरचे मिश्रणाचे आकडे त्याच सेन्सरच्या जिवावर येतात. आपल्याकडे मुंबईसह चार महानगरांत एप्रिल 1995 पासून बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले आणि 2000 मध्ये ते देशभर लागू झाले. मोटारींसाठी शिशाचे पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथली विक्री 2021 मध्ये थांबली. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांसाठी मात्र ते आजही विकले जाते.