नाटककार गोविंद बल्लाळ देवल

नाटक ही केवळ करमणूक होय, असें पुष्कळांस वाटतें. देवलांचें चरित्र पाहतां आम्हांस तसें वाटत नाहीं. त्यांचा जन्म १८५५ सालीं सांगलीजवळ हरिपूर येथें झाला. बेळगांवीं ते कांहीं काळ शिक्षक होते. पुढें अण्णासाहेब किर्लोस्करांच्या सहवासांत ते नट व नटांचे गुरु झाले. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून त्यांनीं 'झुंजारराव' रचिलें. परंतु १८९९ सालचें 'शारदा' हें त्यांचें खरें कार्य. द्रव्यलोभी कांचनभट आपली कोवळी मुलगी वृद्ध भुजंगनाथास द्यावयास निघतो, हें पाप त्यांनीं रंगभूमीवर उघडें केलें. १९१६ सालीं ते निवर्तले. बालविवाहास आळा घालणारा कायदा १९२९ सालीं झाला. तरी वाचकहो, कायदा दाराबाहेर उभा असतो, मुलीचें रक्षण घरांतच व्हावें लागतें.