आधी स्वतः भूल घेतली, मग दिली!

हाताच्या शिरेत सुई, पंपातून हळूहळू जाणारं औषध आणि मिनिटभरात पेशंट गाढ झोपेत. आज ऑपरेशन थिएटरमध्ये हे रोजचंच आहे. पण भुलेचं औषध श्वासातून द्यायचं की थेट शिरेतून, यावर एका रशियन सर्जनने १८४७ मध्येच डोकं लावलं होतं. त्याचं नाव निकोलाय पिरोगोव.

जन्म १८१०चा, मॉस्कोतला. पठ्ठ्या कागदावर वय वाढवून चौदाव्या वर्षी युनिव्हर्सिटीत घुसला! पुढच्याच वर्षी वडील गेले, घरची पार ओढाताण झाली. तरी सतराव्या वर्षी डॉक्टर झाला. पंचविशीत दोरपात युनिव्हर्सिटीत प्रोफेसर, मग सेंट पीटर्सबर्गच्या मेडिकल अकादमीत.

तोवर ऑपरेशन म्हणजे पेशंटला घट्ट धरून ठेवायचं आणि सर्जनने घाई करायची. ऑक्टोबर १८४६ मध्ये बोस्टनला मॉर्टनने इथरची भूल यशस्वी करून दाखवली. ही बातमी कळताच पिरोगोव कामाला लागला. इथर हुंगवून पाहिलं, गुदद्वारावाटे नळीने वाफ देऊन पाहिली, कुत्र्यांच्या रक्तवाहिन्यांतही सोडलं. स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर प्रयोग केले, तेव्हा कुठे पेशंटला हात लावला. शिरेत द्रव इथर सोडलं की कुत्री दगावायची. हुंगवलेलं इथर जास्त वाटलं, तर मास्क काढता येतो आणि बरंचसं इथर श्वासावाटे बाहेर पडतं. शिरेत गेलेलं औषध मात्र परत काढून घेता येत नाही. त्यात आजच्यासारखी पोकळ सुई आणि सिरिंजही तेव्हा नव्हती. त्यामुळे माणसांसाठी त्याने शिरेचा मार्ग सोडून दिला.

त्याच उन्हाळ्यात तो दागिस्तानातल्या सल्ती गावच्या वेढ्यात पोचला. फांद्यापानांचा मांडव, दगडांच्या ओट्यावर गवत आणि गुडघ्यांवर बसून ऑपरेशन! सैनिकांना या नव्या वाफेची धास्ती होती. मग त्याने इतर जखमींच्या डोळ्यांदेखतच ऑपरेशनं केली. आपला सोबती ओरडत नाही, हे दिसल्यावर त्यांची भीती गेली. पुढे क्रिमियन युद्धात, सेवास्तोपोलमध्येही त्याने असंख्य जखमींवर उपचार केले.

१८८१ मध्ये तो वारला. १९०९ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या त्याच अकादमीत फ्योदोरोवने हेडोनल नावाचं औषध शिरेतून देऊन ऑपरेशनं केली. १९३४ मध्ये थायोपेंटल आलं आणि शिरेतून भूल सगळीकडे रुळली. मार्ग चुकीचा नव्हता, औषध चुकीचं होतं.

तुमच्यापैकी जे मेडिकलला किंवा फार्मसीला आहात, त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. पिरोगोवला शिरेचा मार्ग सुचला होता, तरी कुत्री मेलेली पाहून त्याने पेशंटच्या जिवाशी खेळ केला नाही. नवं करून दाखवण्याइतकंच वेळेवर थांबणंही या पेशात शिकावं लागतं.