ब्रेक लाईटच्या आधीची हिरोइन

घरी बाबांची किंवा आजोबांची जुनी गाडी असेल, तर हा किस्सा तुमच्याही बाबतीत घडला असेल. सिग्नलला बाजूचा बाइकवाला काचेवर टकटक करतो आणि सांगतो, की तुमचा ब्रेक लाईट लागत नाहीये. तुम्ही बल्ब बदलता, फ्यूज बघता, तरी काही नाही. शेवटी मेकॅनिक पेडलपाशी वाकून एक छोटासा स्विच काढून दाखवतो. त्याचं काम एवढंच, की पेडल दाबलं की सर्किट पूर्ण करायचं आणि मागचे लाल दिवे लावायचे. तो बिघडला, की तुम्ही थांबताय हे मागच्याला कळतच नाही.

थांबताना मागच्याला सांगितलं पाहिजे, हे अगदी सुरुवातीला ज्यांना सुचलं, त्यात एक हिरोइन होती, माहितीये? तिचं नाव फ्लोरेन्स लॉरेन्स.

तिचा जन्म 1886 मधला, कॅनडातल्या हॅमिल्टनचा. आई शार्लट फिरत्या नाटक कंपनीत काम करायची आणि ती कंपनी चालवायचीही. त्यामुळे फ्लोरेन्स लहानपणीच स्टेजवर उभी राहिली. 1908 मध्ये ती अमेरिकेतल्या बायोग्राफ कंपनीच्या मूकपटांत आली आणि तुफान गाजली. गंमत म्हणजे, प्रेक्षकांना तिचं नावच माहीत नव्हतं! कलाकारांची नावं जाहीर करायची नाहीत, असा कंपनीचा शिरस्ता होता. मग लोक तिला ‘बायोग्राफ गर्ल’ म्हणायला लागले.

पुढे ती कार्ल लेम्ली या निर्मात्याकडे गेली. 1910 मध्ये ती अपघातात गेल्याची बातमी पसरली. लेम्लीनं जाहिरात देऊन ती खोटी ठरवली आणि सेंट लुईस शहरात तिला लोकांसमोर आणलं. ती अफवाही त्यानंच उठवली असावी, असं मानलं जातं. काही असो, बायोग्राफ गर्लला अखेर नाव मिळालं.

पडद्याबाहेर तिला वेड होतं गाड्यांचं. तिची स्वतःची गाडी होती, ती स्वतः चालवायची. त्या काळात बाईनं असं करणं म्हणजे नवलच. 1914 च्या सुमारास तिनं दोन जुगाड केले. एकात बटण दाबलं, की गाडीच्या मागे एक हात वर किंवा खाली व्हायचा आणि गाडी कुठे वळणार ते कळायचं. दुसऱ्यात ब्रेक दाबला, की मागे ‘स्टॉप’ची पाटी उभी राहायची. त्यात दिवा नव्हता, पण कल्पना आजच्या ब्रेक लाईटचीच.

तिनं पेटंट मात्र घेतलं नाही. पुढे सगळ्याच गाड्यांना इंडिकेटर आणि ब्रेक लाईट आले, पण तिच्या हाती ना पैसा आला, ना नाव. तिच्या आईनं 1917 मध्ये विजेवर चालणाऱ्या वायपरचं पेटंट घेतलं होतं. त्यातूनही कमाई झाली नाही. म्हणजे कागद हातात असला की सगळं मिळतंच, असंही नाही. पण त्या कागदामुळे आज शार्लटची नोंद तरी सापडते.

सेटवरच्या आगीत भाजल्यानंतर फ्लोरेन्सचं करिअर घसरलं. शेवटी शेवटी तिला किरकोळ भूमिका मिळायच्या. डिसेंबर 1938 मध्ये तिनं स्वतःचं आयुष्य संपवलं. हॉलिवूडमधल्या तिच्या कबरीवर 1991 पर्यंत नावाची साधी पाटीही नव्हती.

म्हणून मित्रांनो, ग्रुप प्रोजेक्ट असो, शॉर्टफिल्म असो की एखादं अ‍ॅप, तुम्ही केलेल्या कामावर तुमचं नाव घाला. मित्रानं केलेलं असेल, तर त्याचं घाला. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि हो, आज संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा आणि ब्रेक दाबा. भिंतीवर लाल उजेड पडला नाही, तर बल्बसोबत तो छोटा स्विचही तपासून घ्या.